चार नोव्हेंबर आणि लोदच्या मावशी

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. रात्रीचे साडेदहा.

आज दिवसभर इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान यित्झाक राबिन मनातून जात नाहीत. तीस वर्षं झाली. १९९५ चा शनिवार होता तो. तेल अवीवच्या चौकात शांततेची सभा संपत आली आणि साडेनऊच्या सुमारास एका ज्यू तरुणाने त्यांना पाठीमागून गोळ्या घातल्या. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून एक वाजला होता. आम्हाला कळलं ते रविवारी सकाळी, रेडिओवर. बाबा दाढी करत होते. साबण लावलेल्या गालांनीच बाहेर आले आणि म्हणाले, "मावशींना तार करायला हवी."

मावशी म्हणजे अलिबागला इस्रायल आळीत आमच्या समोर राहणाऱ्या. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्याकडे पूर्वी तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. मी सहावीत असताना हे कुटुंब इस्रायलला गेलं आणि लोदला स्थिरावलं. लोद, रामले, अश्दोद, दिमोना अशा गावांत कोकणातून गेलेली पुष्कळ माणसं आहेत.

तारेला उत्तर म्हणून पंधरा दिवसांनी निळा एरोग्राम आला. आज तो कपाटातून पुन्हा काढला. मावशींनी लिहिलं होतं: "आमचं मत त्याला नव्हतं. बसमध्ये बाँब फुटायला लागल्यापासून तर मी त्याला रोज शिव्या घालत होते. धाकटा लष्करात आहे, रात्रीची झोप नाही. पण आपल्याच माणसाने मारावं? आणि तेही देवाचं नाव घेऊन?"

या पत्रामुळे मी राबिन यांच्याबद्दल वाचायला लागले. शांततेसाठी मेलेला संत अशी त्यांची तसबीर आपल्याकडच्या लेखांत बऱ्याचदा दिसते. मला ती पटत नाही. ते संत नव्हते, आणि मला ते महत्त्वाचे वाटतात ते त्यामुळेच.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर लोदपासूनच सुरुवात करावी लागते. जुलै १९४८. राबिन २६ वर्षांचे, सेनानी यिगाल अलोन यांच्या हाताखाली मोहिमेची आखणी पाहणारे अधिकारी. लोद आणि रामले ही अरब गावं इस्रायली सैन्याने घेतली आणि तिथल्या पन्नास ते सत्तर हजार माणसांना घालवून दिलं. लोदच्या रहिवाशांना वय न पाहता ताबडतोब बाहेर काढा, अशा लेखी हुकमावर राबिन यांची सही आहे. माणसं जुलैच्या उन्हात पायी पूर्वेकडे निघाली. कितीतरी जण वाटेत तहानेने मेले. १९७९ मध्ये राबिन यांनी आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला, तेव्हा मंत्र्यांच्या समितीने तो मजकूर छापू दिला नाही. शेवटी तो न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला. मनाला सर्वांत जड गेलेल्या कामांपैकी हे एक होतं, असं त्यांनी त्यात म्हटलं आहे. आपण केलेल्या गोष्टीला तिच्या नावाने हाक मारणारा सेनानी विरळा. त्याने ती गोष्ट कमी भयंकर होत नाही, हेही खरं.

त्याच लोदमध्ये पुढे मोरोक्कोतून, इराकमधून आणि आमच्या अलिबागमधून आलेली माणसं राहिली. मावशींना हे विचारायचा धीर मला अनेक वर्षं झाला नाही. एकदा त्या अलिबागला आल्या होत्या, स्वयंपाकघरात तांदळाची भाकरी थापत होत्या, तेव्हा विचारलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्ही शिकूनमध्ये राहतो गं, सरकारी इमारतीत. कुणाच्या घरात शिरलो नाही. पण मागच्या गल्लीत एक म्हातारा अरब आहे, तो भावाचं घर कुठे होतं ते दाखवतो. मी ऐकून घेते. आणखी काय करणार?"

राबिन यांचा प्रश्न आयुष्यभर एकच राहिला: इस्रायलमधला ज्यू माणूस सुखरूप कसा राहील? बदलत गेलं ते उत्तर. १९६७ मध्ये सरसेनापती म्हणून त्यांनी सहा दिवसांत जिंकलेला प्रदेश हे त्यांचं पहिलं मोठं उत्तर. डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला तेव्हा ते संरक्षणमंत्री होते, आणि त्यांनी सैन्याला बळ वापरायला, लाठ्या चालवायला सांगितलं. 'हाडं मोडा' हे वाक्य त्यांच्या नावावर आहे. असं म्हटल्याचं त्यांनी नाकारलं, पण हाडं मोडली हे साऱ्या जगाने पाहिलं. तरी दोन-तीन महिन्यांतच ते सांगू लागले की पंधरा लाख पॅलेस्टिनींवर बळाने राज्य करता येणार नाही. दगड मारणाऱ्या पोरांपुढे रणगाडा काय करणार, हे सैनिक असल्यामुळेच त्यांना लवकर दिसलं असावं. मग १९९१ च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं तेल अवीववर पडली. डोंगर आणि नदी ताब्यात ठेवून आकाशातून येणारं काही अडत नाही.

जुलै १९९२ मध्ये ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले आणि संसदेत म्हणाले की आपण आता एकटे राहणारं राष्ट्र नाही, सगळं जग आपल्याविरुद्ध आहे हे खरं नाही. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनीच हमास आणि इस्लामिक जिहाद या कडव्या पॅलेस्टिनी संघटनांच्या चारशेहून अधिक माणसांना लेबनॉनच्या सीमेपलीकडे थंडीत सोडून दिलं. दहशतवाद नाही असं समजून शांततेची बोलणी करायची आणि बोलणी नाहीत असं समजून दहशतवादाशी लढायचं, हे त्यांचं सूत्र होतं. ऐकायला सोपं. ज्यांची मुलं रोज बसने जातात त्यांना ते किती अवघड जात असेल, ते मावशींच्या पत्रात दिसतं. ऑक्टोबर १९९४ मध्ये तेल अवीवच्या दिझेनगॉफ रस्त्यावर एका बसमध्ये २२ माणसं गेली. धाकटा त्या दिवशी रजेवर यायचा होता. संध्याकाळी दार वाजेपर्यंत मावशी जिन्यात बसून होत्या.

१३ सप्टेंबर १९९३ चं, पॅलेस्टिनींशी झालेल्या ओस्लो कराराच्या वेळचं व्हाइट हाउससमोरचं छायाचित्र सगळ्यांना ठाऊक आहे. पॅलेस्टिनी नेते अराफत यांचा हात आधीच पुढे आलेला, आणि राबिन यांच्या अंगात क्षणभराचा संकोच. मला तो संकोच फार खरा वाटतो. शांतता मित्रांशी करायची नसते, शत्रूंशी करायची असते, असं ते म्हणत. त्यांचं अंगही तेच बोलत होतं.

त्यांची एक चूक मात्र मला माफ करता येत नाही. २५ फेब्रुवारी १९९४ ला हेब्रॉनमध्ये, १९६७ ला जिंकलेल्या प्रदेशात येऊन वसलेल्या एका ज्यू वस्तीकराने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं. त्या वेळी हेब्रॉनमधले कडवे वस्तीकर हलवण्याचा विचार राबिन यांनी केला, आणि मग सोडून दिला. तेव्हा देशात संताप होता, लाज होती. तो क्षण पुन्हा आला नाही. त्यांच्या काळात वस्त्यांची लोकसंख्या वाढतच राहिली, आणि पॅलेस्टिनींना ओस्लो म्हणजे नवे नाके आणि जुनीच वाट पाहणं असं वाटू लागलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये संसदेत त्यांनी स्पष्ट सांगितलं: पॅलेस्टिनींना मिळेल ते राष्ट्रापेक्षा थोडं कमी असेल, जेरुसलेम अखंड राहील, सुरक्षेची सीमा जॉर्डन खोऱ्यात राहील. एवढं कमी देऊनही ओस्लोचा दुसरा करार ६१ विरुद्ध ५९ मतांनीच पार पडला. त्याच रात्री जेरुसलेमच्या चौकात नाझी गणवेशातल्या राबिन यांची चित्रं फडकत होती. पुढे महिनाही गेला नाही. त्यांनी चिलखत घालायला नकार दिला होता.

सभेत ते म्हणाले होते की मी सत्तावीस वर्षं सैनिक होतो, शांततेची शक्यता नव्हती तोवर लढलो, आता ती शक्यता आहे. खिशात सभेत गायलेल्या गाण्याचा कागद होता. तो रक्ताने भिजला.

दफनाला जॉर्डनचे राजे हुसेन आले होते. १९६७ मध्ये पूर्व जेरुसलेम त्यांच्याच हातून गेलं, आणि ते घेणाऱ्या सैन्याचा प्रमुख आता त्यांच्यासमोर शवपेटीत होता. दोघांनी १९९४ मध्ये केलेला तह अजून टिकून आहे, इतक्या युद्धांनंतरही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे बाराशे माणसं मारली. त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे, साठ हजारांहून अधिक. हे आकडे लिहिताना आज पेन थांबलं.

थोड्या वेळापूर्वी मावशींना फोन केला. तिथे सात वाजले होते. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. नातू गाझाहून परत आलाय. "जेवतो, झोपतो, बोलत नाही," म्हणाल्या. आमसुलं संपलीत, कुणी येणार असेल तर पाठव म्हणाल्या. मग मी एरोग्रामची आठवण काढली.

"अजून आहे ते?"

"आहे, मावशी. आजच काढलंय."

"मी त्याला शिव्या घालत होते, तेही लिहिलंय ना त्यात?"

"हो."

"असू दे. खोडू नकोस."