उजवा डोळा, उणे अडीच

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज घडवण्याचे काम मी चाळीस वर्षे करीत आहे. माझा चष्मा पहिल्यापासून लांबचा. कामाला बसताना तो मी काढून ठेवतो. त्यामुळे उजव्या डोळ्याचा उणे नंबर वाढू लागला तेव्हा काचा बदलण्यापलीकडे मी काही केले नाही. पुढे डाक लावताना, म्हणजे झाळून जोड देताना, साजाच्या पानाची कड धुरकट दिसू लागली आणि रात्री रंकाळ्याच्या रस्त्यावर समोरच्या गाड्यांचे दिवे फाकू लागले, तेव्हा तपासणीत मोतीबिंदू निघाला.

पहिल्या रुग्णालयात डोळ्यात बसवायच्या कृत्रिम लेन्सचे दरपत्रक पुढे ठेवून सर्वांत महागडी मल्टिफोकल, म्हणजे जवळचे-लांबचे दोन्ही दाखवणारी, लेन्स सुचवण्यात आली. मी काम काय करतो, हे कोणी विचारले नाही. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच होता. मल्टिफोकल लेन्समध्ये प्रकाश वाटला जात असल्याने बारकावे थोडे पुसट होऊ शकतात. साधी मोनोफोकल एकाच अंतराचे स्पष्ट दाखवते आणि बहुतेक लोक त्यासाठी लांबचे अंतर घेत असले तरी तुम्ही जवळचे घेऊ शकता, असे त्यांनी समजावले. मी कामाला बसतो तसा त्यांच्या टेबलावर वाकलो आणि त्यांनी टेप धरला. अंतर ४० सेंटिमीटर भरले. त्यासाठी डोळ्याचा नंबर उणे २.५ ठेवायचा होता, आणि डावा डोळाही जवळपास तेवढाच असल्याने दोन्हींचा मेळ बसणार होता. मग डोळ्याची लांबी आणि पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता मोजून लेन्सची पॉवर काढण्यात आली. गुंजभर फरकाची किंमत जाणणाऱ्याला या मोजमापाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनची गोळी चालू असल्याचेही मी सांगितले, हे बरे झाले. तिच्यामुळे शस्त्रक्रियेत बाहुली आक्रसू शकते.

शस्त्रक्रिया वीसेक मिनिटांत आटोपली. थेंबांनीच डोळा बधिर केला होता. तीन मिलिमीटरहून लहान छेदातून मोतीबिंदू फोडून ओढून घेतला आणि घडीची लेन्स आत उलगडली, टाका पडला नाही. मला दिसला तो नुसता उजेड.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर डावा डोळा झाकून अंगठी पाहिली, तर सोने फिके वाटले. डाव्याने पाहिले, तर तांबूस. पिवळ्या पडलेल्या भिंगातून मी किती दिवस रंग पारखत होतो, कोण जाणे.

महिनाभर थेंब घातले, डोळ्यात पाणी जाऊ दिले नाही, फुंकणीपासूनही लांब राहिलो. कामावर परतल्यावर माझाच गेल्या वर्षीचा एक साज दुरुस्तीला आला. त्याच्या पानामागचा ओबडधोबड डाक पाहून गिऱ्हाईक येण्याआधीच मी तो घासून साफ केला, आणि त्याची मजुरी लावली नाही.