कोपरा गरम लागतोय

रविवार, रात्रीचे साडेअकरा. रामबाग, इंदूर.

आज एकदाचा डबा बंद केला. झाकणाचे चार स्क्रू तीन आठवडे वाटीत पडून होते.

आत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (एकाच पाटीवरचा इवलासा कॉम्प्युटर; पुढे नुसता 'पाय'), छोटा स्क्रीन आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला १८६५० सेल. (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. नावातच माप.) चार्जिंगला टीपी ४०५६ ही चिप, सेलच्या ३.७ व्होल्टचे ५ करायला बूस्टर. आणि या दोघांमध्ये स्विच. माझे तीन रविवार खाल्ले ते त्यानेच.

पाय सुरू व्हायचा, वायफाय लागलं की स्क्रीन काळा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पुरवठा कमी पडतोय, असं धरलं. सेल बदलला, बूस्टर बदलला, त्याचा इवलासा स्क्रू फिरवत ५.१ वर आणला. नुसतं मोजलं की ५.१, पाय जोडला की धिंगाणा.

परवा ताटं मांडायची म्हणून आईने डबा टेबलावरून उचलला. "अरे, ह्याचा कोपरा गरम लागतोय बघ." मी मान वर न करताच म्हणालो, चार्जिंगची चिप तापतेच गं. दोन घास खाल्ले आणि आठवलं, चार्जरची वायर लावलेलीच नव्हती. त्या कोपऱ्यात होता फक्त स्विच.

मीटरच्या पिना स्विचच्या दोन टोकांवर टेकवल्या. चालू स्विचवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले ०.३४ व्होल्ट! जेल रोडवरचा तो नखाएवढा सरकता स्विच, "चल जाएगा भिया" म्हणून घेतलेला. दुकानदाराला काय बोलणार? अर्धा अँपियर पुरेल, हा हिशोब माझाच होता, तोही ५ व्होल्टच्या बाजूचा. स्विच होता सेलच्या बाजूला. तिथे व्होल्ट कमी, म्हणून तेवढ्याच कामाला अँपियर जास्त. बूस्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर १ च्या आसपास. शिवाय स्विचने व्होल्ट खाल्ले की ती कसर भरून काढायला बूस्टर आणखीच ओढतो.

मधे एकदा बूस्टरच्या एनेबल पिनेवरच (त्याला चालू-बंद करणारी पिन) खटका लावायची हुशारीही केली होती. बंद केलं तरी बूस्टरमधल्याच कॉइल आणि डायोडमधून सेलचे व्होल्ट सरळ पलीकडे. असलं बंद काय कामाचं!

शेवटी घरातल्या मेलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचा ६ अँपियरचा रॉकर स्विच काढला. आता ०.०२. भोक मात्र कानशीने घासून मोठं करावं लागलं, आणि ते तिरकं झालंच.

झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलंय: 'आधी शटडाउन, मग खटका. खटका बंद, मगच चार्जिंग.' पहिलं मेमरी कार्डासाठी, चालू असताना वीज तोडली तर ते बिघडू शकतं. दुसरं अशासाठी की करंट १०० मिलिअँपियरवर उतरला की चार्जर सेल भरला असं धरतो; पाय तेव्हा वीज पीत बसला तर करंट उतरणार कसा?

लाल दिवा लागलाय. निळा व्हायला अजून दीड-दोन तास.