झुरळं आणि दुसरी सर्व्हिस: माझा अनुभव

मायक्रोवेव्हच्या हिरव्या आकड्यांवरून झुरळाचं पिल्लू चालत गेलं, तेही काचेच्या आतून! तोवर मी आणि सासूबाई ओट्यावर खडूच्या रेघा ओढून आणि रोज रात्री स्प्रे मारून दिवस काढत होतो. त्या रात्री ठरवलं, आता पेस्ट कंट्रोलच करायचं.

आम्ही कोथरूडला राहतो. ओळखीतून एका कंपनीचा नंबर मिळाला. वर्षाचं पॅकेज, तीन सर्व्हिस, पैसे आधी. ट्रॉल्या रिकाम्या केल्या, माणूस आला, फवारून गेला. आठवडाभर मेलेली झुरळं सुपलीत भरून टाकत होते.

घोडं अडलं ते दुसऱ्या सर्व्हिसला. पंधरा दिवसांनी आम्हीच फोन करू, म्हणाले होते. अठराव्या दिवशी मीच केला. "मॅडम, टेक्निशियन आज वारज्याला आहे, उद्या पाठवते." उद्या तो सिंहगड रोडला होता. मग एक दिवस ठरला, वेळ मात्र 'दहा ते सहाच्या मधे'. मी रजा टाकली. पुन्हा सगळे डबे डायनिंग टेबलवर, भांडी हॉलमधे, सासूबाईंचा स्वयंपाक सकाळी आठलाच उरकलेला. संध्याकाळी साडेसहाला मी फोन केला, तर म्हणे, "तुम्ही फोन उचलला नाही असं दिसतंय." दिवसभर फोन माझ्या हातात होता! एकही मिस्ड कॉल नव्हता. पुढच्या आठवड्यात तर कळलं की त्यांच्या नोंदीत माझी दुसरी सर्व्हिस 'झालेली' आहे.

माझा एवढा संताप का झाला, ते सांगते. आमच्याकडची झुरळं म्हणजे ती बारकी, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली जर्मन झुरळं. त्यांची मादी अंड्यांची कुपी शेपटाकडे चिकटवून हिंडते आणि एकेका कुपीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात. फवारा कुपीच्या आत पोचत नाही. अंडी साधारण तीन-चार आठवड्यांत फुटतात, म्हणून तर दुसरी सर्व्हिस असते. नेमके तेच दिवस या लोकांनी 'उद्या पाठवते' करत घालवले. चाळिसाव्या दिवशी फ्रिजच्या दाराचं रबर बोटानं उलटलं, तर घडीत मोहरीएवढी पिल्लं ओळीनं बसलेली. मला अक्षरशः रडू आलं.

शेवटी बिल आणि सर्व्हिस कार्डावरची सहीची रिकामी चौकट, दोन्हीचे फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवले आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी खुद्द मालकाचा फोन. म्हणून सांगते, सर्व्हिस कार्ड मागून घ्याच आणि काम झाल्याशिवाय त्यावर सही करू नका. अर्धे पैसे दुसऱ्या सर्व्हिसनंतर देईन, असंही आधीच ठरवा. मी ठरवलं नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या दिवशी जे काका आले, ते मात्र कामाचे पक्के. फवारणी नाहीच, फक्त झुरळांनी खायचं विषारी जेल. बिजागऱ्या, ट्रॉलीचे रूळ, सिंकखालचा पाइप, फ्रिजच्या मोटरजवळ, मसुरीच्या डाळीएवढे ठिपके. "ताई, आता इथं स्प्रे मारू नका आणि हे पुसूही नका. स्प्रेचा वास आला की झुरळं जेलला तोंड लावत नाहीत." जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, ते लपायच्या जागी परत जातं. तिथं त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खाऊन बाकीची मरतात. आम्ही रोज रात्री मारत होतो तो स्प्रे आमच्याच मुळावर येत होता!

सिंकखाली पाइपची गळती होती, ती प्लंबरकडून काढून घेतली. रात्री ओटा कोरडा करूनच झोपायचं, पाणी मिळालं नाही की त्यांचं फार दिवस चालत नाही. पावसाळ्यात चेंबरमधून वर येतात ती मोठी लालसर झुरळं वेगळी. त्यांच्यासाठी मोरीला बारीक जाळी बसवा.

हो, मायक्रोवेव्हचं राहिलंच. आत जेल लावायचं नाही. प्लग काढून मागच्या बाजूला भिंतीलगत दोन ठिपके लावले. तीन आठवडे झाले, आकड्यांवर काही हललेलं नाही.

तिसऱ्या सर्व्हिसची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे. आदल्या दिवशी मीच फोन करणार.