बारा बोअर की वीस?

"बंदूक घ्यायची आणि झाडायची, त्यात कसला अभ्यास?" सुट्टीत पुण्याला आलो तेव्हा एरंडवण्यातले काका मला असं म्हणाले आणि ते मला लागलं. काका दर हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जातात, त्यामुळे शिकारीचा त्यांना राग येणं समजतं. पण अभ्यास नाही, हे खरं नाही. म्हणून लिहितोय.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वसंतात रानटी टर्कीच्या, म्हणजे कोंबडीच्या जातीतल्या एका मोठ्या पक्ष्याच्या, शिकारीचा हंगाम असतो. नर आठ-दहा किलोचा, अंगावर पिसांची जाड ढाल. नेम धरायचा तो डोक्या-मानेवरच. आपल्याकडे छर्ऱ्यांची बंदूक म्हणजे बारा बोअर. तिथे मात्र आधी बोअरवर खल होतो. एक पौंड शिशाच्या नळीत नेमक्या बसतील अशा जितक्या सारख्या गोळ्या होतील तितका बोअर, म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. बारा बोअरची नळी साधारण १८.५ मिलिमीटर, वीसची १५.६.

शेजारच्या आजोबांनी मला दोन्ही बंदुका दिल्या, चाळीस यार्डांवर कागद लावला आणि त्यावर दहा इंचांचं वर्तुळ काढलं. एकेक बार झाल्यावर ते पेन्सिलने प्रत्येक भोकावर खूण करत बसले. वर्तुळात शंभर छर्रे बसत नसतील, तर तेवढ्या लांबून चाप ओढायचा नाही. पक्षी जवळ येऊ द्यायचा, नाही आला तर सोडून द्यायचा. जखमी पक्षी झाडीत जाऊन मेला, तर ती त्यांच्या लेखी लाजेची गोष्ट. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

मी वीस बोअर निवडली. पूर्वी टर्कीसाठी ती कमी पडते म्हणायचे. पण शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट आणि नव्या टंगस्टन धातूच्या छर्ऱ्यांची १८ पटींच्या आसपास. दाणा बारीक ठेवला तरी जोर टिकतो आणि लहान काडतुसात पुष्कळ दाणे मावतात. काडतूस महाग पडतं, पण बंदूक हलकी आणि खांद्याला धक्का बेताचा. बदकं-हंसांचं वेगळं. खाली पडलेले छर्रे खाऊन पाणपक्ष्यांना विषबाधा व्हायची, म्हणून त्यांच्या शिकारीत शिसं १९९१ पासून अमेरिकेत देशभर बंद आहे. त्याऐवजी वापरायचं पोलाद हलकं, दाणा मोठा लागतो. कॅनडा हंसासाठी मी बाराच घेईन.

काकांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी माळढोक पक्ष्याचा विषय काढला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी आपण शिकार बंद केली याचा मलाही अभिमान आहे, आणि इथे ती पुन्हा सुरू करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण तरीही सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक जवळजवळ दिसेनासा झालाच ना? माळरानं गेली, विजेच्या तारा आल्या. उलट विस्कॉन्सिनमधून टर्की १८८१ पर्यंत नाहीशी झाली होती. १९७६ मध्ये मिसुरीहून पक्षी आणून सोडले आणि आज त्यांचे थवे रस्त्याकडेला चरतात. अमेरिकेत लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा मुख्यतः वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. माझ्या महागड्या काडतुसांचाही त्यात वाटा आहे.

दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांवर असा कर बसवून तो माळरानासाठी राखून ठेवला तर भराल का, असं मी काकांना विचारलं.

"उद्यापासून," काका म्हणाले.