परदेशी एकदांडी

माळ्याची नजर जिथे पोचत नाही तिथे एकदांडी हमखास असते. कंपाउंडच्या भिंतीची फट, मैदानाची कड, रेल्वेरुळांमधली खडी, तिला काहीही चालतं. कुणी तिला दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. गुडघा फुटला की हिचा पाला चुरगाळून रस पिळायचा, हे खेड्यातल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. इतकी घरची झालेली ही वनस्पती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिची नोंद ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ या नावाने केली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने तर तिला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलंय. आपण जखमेवर लावतो!

ओळखायला सोपी. खोड जमिनीलगत लोळतं आणि टोकाला मान वर करतं. पानं समोरासमोर, खरखरीत, कडा वेड्यावाकड्या दातेरी. मग त्या पसाऱ्यातून वीतभर उंच, बिनपानांचा, लव असलेला दांडा निघतो आणि त्यावर एकच फूल. पाकळ्या बहुधा पाच, दुधात किंचित हळद पडावी तशा, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. एवढे दाते दिसले की बाकी तपासायची गरज नाही, असं माझं मत.

अर्थात ‘एकच फूल’ हे आपलं म्हणणं. सूर्यफुलाच्या कुळातला हा जुना कावा आहे. आपण पाकळी समजतो ते प्रत्येकी एक अख्खं फूल असतं आणि मधला पिवळा गोंडा म्हणजे नळीसारख्या बारीक फुलांची दाटी. देवाला एक वाहिलं म्हणणाऱ्याने खरं तर परडीभर वाहिलेली असतात.

गाजर गवतही याच कुळातलं, तेही अमेरिकेतूनच आलेलं. पण त्याने अंगावर पुरळ उठतं, त्यामुळे त्याच्याबद्दल मला माया नाही. एकदांडीवर निदान फुलपाखरं तरी बसतात.

घोटाळा होतो तो माक्याशी. केसांच्या तेलासाठी माका म्हणून पुष्कळदा एकदांडीच उपटून आणली जाते. माक्याला ओल लागते, त्याचं फूल पांढरं, आखूड देठाचं आणि पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक, भरपूर. तरीही शंका असेल तर खोड चुरडून थोडा वेळ थांबा. माक्याचा रस काळा पडतो. तो पडला तरच कढई चढवा.