वेस्टवूडबाईंसाठी एक सदरा : अंग आणि बाह्या जोडून झाल्या

सदऱ्याचे अंग, दोन्ही बाह्या आणि काखेतले चौकोन एकमेकांना जोडून झाले असून आता गळपट्टी आणि छपाई राहिली आहे. मार्च १९८१ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया या प्रदर्शन-सभागृहात इंग्लिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड आणि त्यांचे सहकारी माल्कम मॅक्लॅरेन यांनी ‘पायरेट्स’ (समुद्री चाचे) हा आपला पहिला संग्रह मंचावर आणला. त्यातल्या सैल सदऱ्यांच्या बेतावरून हे काम चालले आहे. २९ डिसेंबर २०२२ रोजी बाई गेल्या, तेव्हापासून त्यांच्या नावाने काहीतरी स्वतःच्या हाताने शिवावे असे मनात होते.

वेस्टवूड म्हटले की बहुतेकांना सेफ्टी पिना, पट्ट्यांनी जखडलेल्या विजारी आणि लंडनच्या किंग्ज रोडवरचे त्यांचे ४३० क्रमांकाचे दुकान आठवते. ते सारे मलाही प्रिय आहे. परंतु प्राथमिक शाळेत शिकवणारी एक स्त्री जुने कपडे उसवून त्यांची बेतणी समजून घेते, बव्हंशी स्वतःच शिंपीकाम शिकते आणि पंक या बंडखोर संगीत-वेशभूषेच्या लाटेतून नाव झालेले असताना ती मागे टाकून थेट सतराव्या-अठराव्या शतकाच्या कपड्यांकडे वळते, हे धाडस मला अधिक मोठे वाटते. याच सुमारास त्या दुकानाला ‘वर्ल्ड्स एंड’ हे नाव मिळाले आणि दर्शनी भागावर तेरा तासांचे, उलटे फिरणारे घड्याळ लागले. त्या घड्याळाचा, म्हणजे काळात मागे जाण्याचा, अर्थ मला या सदऱ्याच्या बेतात सापडतो.

आजचा शर्ट बेतताना मुंढा (बाही जोडायची कड) गोलाईत कापतात, बाहीला माथा (वरचा गोलसर उंचवटा) देतात आणि खांदा उतरता ठेवतात. जुन्या युरोपी सदऱ्यात यातले काहीच नसे. लिननचे कापड मोलाचे असल्यामुळे सगळा सदरा चौकोन आणि आयत यांतूनच निघे व चिंधी म्हणून जवळजवळ काही उरत नसे. मी धुऊन आटवलेला ३६ इंच पन्ह्याचा (रुंदीचा) मांजरपाट घेतला, त्याचा एक लांब तुकडा खांद्यावर दुमडला आणि पूर्ण पन्हा तसाच अंगासाठी ठेवला. त्यामुळे खांद्याला शिवण नाही आणि बाही दंडावर खाली सुरू होते. बाह्या म्हणजे २२ बाय २४ इंचांचे साधे आयत आहेत.

सगळी गंमत काखेतल्या सहा इंची चौकोनात आहे. त्याच्या लगतच्या दोन कडा बाहीला आणि उरलेल्या दोन अंगाच्या बाजूंना जोडायच्या. मात्र प्रत्येक कोपऱ्याशी मायेइतके (शिवणीसाठी कडेला सोडलेल्या कापडाइतके) अंतर सोडून टीप थांबवायची, म्हणजे कोपरा वळवताना कापड ओढले जात नाही. सुती कापड उभ्या-आडव्या धाग्यावर फारसे ताणत नाही, तिरके मात्र सहज ताणते. हात वर केला की ताण नेमका चौकोनाच्या कर्णावर येतो आणि सदरा कमरेतून वर उचलला जात नाही. आपल्याकडच्या जुन्या कुडत्यांतही काखेत असा तुकडा असे, ही जाण असलेल्यांना हा बेत परका वाटणार नाही.

बाहीच्या दोन्ही टोकांना चुण्यांसाठी पाव इंच अंतराने समांतर दोन धावदोरे घातले आणि चुण्या हातानेच बसवल्या. यंत्राने काम लवकर होते, पण चुण्या चपट्या पडतात असे माझे मत आहे. अंगात घालून पाहिल्यावर कापड शरीराला धरून राहत नाही, चालताना एका खांद्यावरून सरकते आणि उभे राहण्याची ढबच बदलते; कपड्याने माणसाला थोडे धीट करावे ही वेस्टवूड यांची ओढ मला येथे जाणवली.

पुढचे काम त्या संग्रहातल्या नागमोडी, दोरीसारख्या नक्षीवर आधारलेला लाकडी ठसा कोरण्याचे आहे. गडद मोहरी रंगावर मातकट लाल छाप घ्यायचा विचार पक्का झाला आहे. शिवलेल्या सदऱ्यावरच छापल्यास नक्षी शिवणींवर तुटेल, आणि मला ती तुटलेलीच हवी आहे. ज्यांनी चुण्यांजवळ ठसा टेकवला आहे, त्यांनी आत गादी किती जाड ठेवली ते अवश्य कळवावे.