स्वस्त यो-यो, महाग यो-यो आणि दहा रुपयांची दोरी

सोसायटीतल्या पोरांचे आईवडील हल्ली मला गाठून विचारतात की यो-यो कुठला घेऊ, जरा चांगल्यातला सांगा, पैशाचं काही नाही. पैशाचं काही नाही असं म्हटलं की मला जरा टेन्शनच येतं, कारण त्यांच्या डोक्यात असतं की महागातला घेतला म्हणजे पोरगं आठवड्यात यूट्यूबवर दिसतं तसलं काहीतरी करायला लागेल. मी उलट विचारतो, त्याला काय करायचंय नक्की? मग ते माझ्याकडे असे बघतात की यो-योमध्ये करण्यासारखं काय असतं, खाली टाकायचा, वर घ्यायचा.

तर इथेच गोंधळ आहे. यो-यो नावाखाली बाजारात तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि लांबून बघितलं तर तिन्ही सारख्याच दिसतात.

पहिला म्हणजे जत्रेतला, स्टेशनबाहेरचा, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानात बरणीमागे लटकवलेला. पन्नास-साठ रुपये, आत लाइट लागते, प्लास्टिक इतकं पातळ की दाबलं तर वाकतं. याची दोरी मधल्या दांडीला गाठ मारून पक्की केलेली असते. म्हणजे होतं काय की खाली गेला, दोरी संपली, आणि लगेच उलटी गुंडाळत वर आला, त्याला दुसरा इलाजच नाही. हा यो-यो झोपत नाही. झोपणं म्हणजे स्लीपर, यो-यो दोरीच्या टोकाला जागच्या जागी गरगरत राहतो ते, आणि रॉक द बेबी (दोरीचा पाळणा करून त्यात यो-यो झुलवायचा) असो, वॉक द डॉग (फिरता यो-यो जमिनीवर चालवायचा) असो की अजून काही, जवळजवळ सगळ्या ट्रिका त्या झोपेच्या वेळातच करायच्या असतात. झोपायचं तर दोरी दांडीला बांधलेली नको, नुसता फास भोवती हवा, म्हणजे फासाच्या आत दांडी मोकळी फिरते. हे काही नवीन नाहीये. फिलिपिन्सहून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेसने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला यो-योचा कारखाना काढला तेव्हा त्याच्या यो-योची हीच तर खुबी होती, दोरी बांधलेली नाही, अडकवलेली. पुढे डंकन या अमेरिकन कंपनीने तो धंदा विकत घेतला आणि सगळ्या अमेरिकेला वेड लावलं. आपल्या जत्रेतला यो-यो आज इतक्या वर्षांनीसुद्धा १९२८ च्या मागे आहे, आणि तोच घेऊन पोरं महिनाभर स्लीपर शिकायला बघतात, बिचारी.

दुकानात ओळखायचं सोप्पं आहे. यो-यो लोंबता धरा आणि दोरीचा पीळ सुटेल असा उलटा फिरवा, फास असेल तर तळाशी दोरीच्या दोन पदरांमध्ये फट उघडते. नाही उघडली तर ते खेळणं, लहान भावाला द्या.

दुसरा प्रकार म्हणजे रिस्पॉन्सिव्ह, झोपतो पण आणि हात किंचित वर ओढला की परत पण येतो. डंकनचा बटरफ्लाय या जातीचा, साधी धातूची दांडी, प्लास्टिकचं अंग. यातले काही बेअरिंगवालेही असतात, म्हणजे दांडीभोवती छऱ्यांची मोकळी फिरणारी कडी असते. शिकायला हाच. तिसरा प्रकार अनरिस्पॉन्सिव्ह, आणि खरी मजा (म्हणजे इतरांची) इथे चालू होते.

भाच्याने वाढदिवसाच्या पैशातून ऑनलाइन मागवला, अॅल्युमिनियमचा, निळा-चांदी, दिसायला एक नंबर. बॉक्स उघडला, टाकला, यो-यो खाली जाऊन मस्त फिरतोय, फिरतोय, फिरतोय, आणि हा हात वर ओढतोय पण तो काही हलत नाही. मग थांबला आणि दोरीला मेल्यासारखा लटकला. "मामा, हा खराब निघाला, रिटर्न कर ना." बरं रिव्ह्यू बघितले तर एका खाली एक तेच, वापस नहीं आता, डिफेक्टिव पीस, एक स्टार, एक स्टार, पैसे पाण्यात. त्या यो-योला काहीही झालेलं नव्हतं. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. मधली फट रुंद, बेअरिंग रुंद, दोरी बाजूंना घासतच नाही, म्हणून तर दोरीवर त्याला कितीही उड्या मारायला लावा, मध्येच चिडून हातावर येत नाही. परत आणायचा तर बाइंड मारावा लागतो.

बाइंड जरा नीट सांगतो, कारण बॉक्समध्ये येणाऱ्या कागदावर हे कधीच धड लिहिलेलं नसतं. यो-यो खाली फिरतोय, बरोबर? दुसऱ्या हाताच्या बोटाने दोरी यो-योच्या थोडी वर अडवायची, यो-यो त्या बोटावरून वळवून दोरीवर आणायचा, मग खालच्या दोरीचा एक छोटा दुमडा होतो, तो दुमडा फटीत शिरला की आतल्या रबरासारख्या सिलिकॉन पॅडना पकड मिळते आणि यो-यो एकदम सटकन हातात येतो. पहिल्यांदा येतो तेव्हा माणूस दचकतो, खरंच. दुमडा मोठा ठेवला तर दोरीचा गोळा होऊन गाठ पडते, फार छोटा ठेवला तर पकडच बसत नाही, तेवढा अंदाज हाताला यावा लागतो. आणि यो-यो कुठल्या दिशेने फिरतोय ते बघून दोरी द्यायची, उलट्या बाजूने दिली तर काही होत नाही, नुसतं बोटाला चरचरतं.

आता पैशाचं. जुने यो-योवाले सांगतात की आधी साध्या दांडीवाल्यावर शिका, हात तयार होतो, मग धातूचा घ्या. मला हे पटत नाही. साध्या दांडीचा नवशिक्याच्या हातात पाच-सात सेकंद झोपला तरी खूप, आणि तेवढ्यात ट्रॅपीझ करायचं म्हणजे यो-यो कडेने फेकायचा, दुसऱ्या हाताच्या बोटावरून दोरी वळवायची आणि यो-यो बरोब्बर त्याच दोरीवर उतरवायचा, तोवर तो मरून गेलेला असतो. चूक तुमची की यो-योची हेच कळत नाही. बेअरिंगवाला असेल तर सहज मिनिटभर मिळतो, घाई नाही, हुकलं तर परत उचलून त्याच फेकीत अजून एकदा मारता येतं. सरावाचे कितीतरी पट चान्स मिळतात एवढं साधं गणित आहे. त्यात हात बिघडण्यासारखं काय आहे मला कळलेलं नाही.

पण त्यासाठी हजार-बाराशेच्या वर जायची गरज नाही. चायनीज मॅजिकयोसारखे ब्रँड याच किमतीच्या आसपास पूर्ण अॅल्युमिनियमचा यो-यो देतात, आणि काही मॉडेलसोबत दोन बेअरिंग येतात, एक अरुंद आणि एक रुंद. अरुंद लावलं की रिस्पॉन्सिव्ह, स्लीपर, रॉक द बेबी करत बसा, हात बसला की रुंद लावा आणि बाइंड शिका. भाच्याला मी शेवटी हेच करून दिलं. त्याच्या बॉक्समध्ये ते छोटं बेअरिंग पुडीत पडलेलं होतंच, त्याने ते स्पेअर पार्ट समजून कंपास पेटीत टाकलं होतं.

महाग यो-योत जास्तीचे पैसे कुठे जातात? बहुतेक कडेला. वजन मधे ठेवण्यापेक्षा बाहेरच्या काठावर ढकललं की तेवढ्याच वजनाचा यो-यो जास्त वेळ आणि जास्त स्थिर फिरतो, म्हणून महागड्यांमध्ये अंग अॅल्युमिनियमचं आणि काठाला स्टीलची कडी असते, त्याला बायमेटल म्हणतात. वजन बहुतेक सगळ्यांचं साठ ते सत्तर ग्रॅमच्या मधलंच. टायटॅनियमवाले पण आहेत, त्यांच्या किमती मी बायकोसमोर उघडत नाही. मेव्हण्याने सिंगापूरहून माझ्यासाठी एक बायमेटल आणला आणि तो पहिल्यांदा फेकला तेव्हा मान्य करतो की भारी वाटलं, हातात थरथर अजिबात नाही, आवाज नाही, जसा सोडला तसा सरळ उभा. वाकडा फेकला तरी स्वस्तवाल्यासारखा लगेच तिरपा होत नाही. लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेल्या ट्रिका, मारताना फरक कळतो. ट्रॅपीझला? शून्य फरक. एली हॉप्स, म्हणजे ट्रॅपीझवर असलेला यो-यो दोरी ताणून वर उडवायचा आणि परत दोरीवर झेलायचा, ते मला हजारवाल्यावर जमत नव्हतं तेव्हा त्या सिंगापूरवाल्यावरही जमत नव्हतं.

आणि हे फक्त आमच्यासारख्यांचं नाही. अमेरिकेच्या जेंट्री स्टाइनने २०१४ मध्ये प्रागला यो-योची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, वन-ए प्रकारात (एकच यो-यो, दोरीवरच्या ट्रिका), ती त्याच्या शटर नावाच्या यो-योवर. यो-यो फॅक्टरीचा शटर म्हणजे साधा एकाच धातूचा, पंचेचाळीस डॉलरच्या आसपासचा, त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचे यो-यो तेव्हा बाजारात होतेच की. २०१९ ला क्लीव्हलंडला तो परत जिंकला. उलटं टोक बघायचं तर जपानच्या ताकेशी कामिसातोने २०१२ मध्ये एका फेकीत यो-यो तीस मिनिटांपेक्षा जास्त झोपवला होता. अर्धा तास! तेवढ्यात आमच्याकडे कुकर होऊन भाजी फोडणीला पडते. पण अर्धा तास झोपणारा यो-यो घेऊन मी करणार काय, माझी सगळ्यात लांब ट्रिक वीस सेकंदांत संपते.

मला विचाराल तर पैसे दोरीवर घाला. खरंच. यो-योच्या किमतीवर लोक तासन् तास बोलतात आणि दोरी मात्र बॉक्समधली, काळी पडलेली, फाटायला आलेली तीच चालवतात. पॉलिएस्टरची दोरी शंभर नगांच्या बंडलमध्ये घेतली तर एक साधारण दहा रुपयाला पडते. रोज खेळत असाल तर आठवड्याला बदला, तंतू सुटलेले दिसले तर लगेच बदला, कारण तुटली की सत्तर ग्रॅमचा धातूचा गोळा कुठे जाईल सांगता येत नाही, आणि टीव्ही एकच आहे घरात. सुती दोरी साध्या दांडीवाल्यांना ठीक, घासलं तरी वितळत नाही. पण आमच्या डोंबिवलीत जून लागला की सुती दोरी ओल धरते, जाड होते, यो-यो झोपायचाच बंद होतो आणि माणूस बेअरिंगला शिव्या देत बसतो.

लांबी पण बघा. नवीन दोरी लांब येते. यो-यो जमिनीला टेकवायचा, दोरी सरळ वर धरायची, बेंबीच्या थोडी वर कापून फास करायचा. दहा वर्षाच्या पोराला बापाच्या मापाची दोरी दिली तर यो-यो फरशीवर आपटणार नाहीतर काय होणार. आणि पीळ. प्रत्येक फेकीला दोरीचा पीळ थोडा वाढतो नाहीतर कमी होतो, वाढत गेला की दोरी गुंडाळून गुंडाळून गाठी मारते, एकही ट्रिक नीट बसत नाही आणि वाटतं आपलाच हात बिघडला. काही नाही, फास बोटातून काढा, यो-यो हातात धरून दोरी मोकळी लोंबू द्या, ती गरगर फिरून आपोआप शांत होते. मी हे दर चार-पाच फेकींनी करतो, बघणाऱ्यांना वाटतं स्टाइल मारतोय.

बेअरिंगमध्ये केस, दोरीचं भुसभुस आणि आपल्याकडची दमट हवा असं सगळं जमतं. आवाज करायला लागलं तर कडेची रिंग सुईने काढून थोड्या अॅसिटोनमध्ये (खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ नको) हलवून घ्यायचं आणि पूर्ण वाळवायचं. शिलाई मशीनच्या तेलाचा लोभ आवरा. थेंबभर जास्त पडलं की अनरिस्पॉन्सिव्ह यो-यो अचानक हातावर यायला लागतो आणि दातांच्या डॉक्टरकडे जायची वेळ येते. पॅड झिजले की उलटं होतं, बाइंड घसरतो. नवे पॅड पण स्वस्तच असतात.

घरात सरावाची जागा हा वेगळाच विषय. अराउंड द वर्ल्ड, म्हणजे दोरीच्या टोकाला यो-यो पूर्ण गोल फिरवायचा, घरात नाही म्हणजे नाही, वर पंखा, बाजूला ट्यूबलाइट, खाली कोटा फरशी. अॅल्युमिनियम कोट्यावर आपटलं की काठाला खळगा पडतो, मग तो बोटाला आणि दोरीला लागतो. मी गच्चीवर जातो, नाहीतर खाली सतरंजी टाकतो. फास मधल्या बोटाला असतो, तो फार घट्ट असला की बोट जांभळं होतं, ते बघून शेजारच्या काकूंनी मला एकदा शुगर तपासायला सांगितलं.

यंदा गणपतीत सोसायटीच्या विविध गुणदर्शनात भाच्याने पाच मिनिटं केलं, तोच हजारवाला घेऊन. रॉक द बेबीला टाळ्या पडल्या, लाडक्या बाळाच्या बारशाला पडाव्यात तशा, आणि त्याने जीव तोडून बसवलेल्या बॅरल रोलला सगळे नुसतेच बघत होते, कारण प्रेक्षकांना कळतच नाही अवघड काय आणि सोपं काय. तो जरा फुगून बसला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पाळणा दोनदा कर.

आता त्याचं नवीन खूळ टू-ए. दोन्ही हातात एकेक यो-यो आणि दोन्ही एकदम लूप करायचे, म्हणजे परत आला की न पकडता तसाच पुन्हा पुढे फेकायचा, शिंजी सैतोचे व्हिडिओ बघतोय दिवसभर, तो माणूस या प्रकारात कितीतरी वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालाय. टू-एला फुलपाखरी आकाराचे (काठाकडे रुंद होत जाणारे) चालत नाहीत, गोलसर अंगाचे प्लास्टिकचे रिस्पॉन्सिव्ह लागतात, म्हणजे आमचा सगळा धातूचा माल यात कामाचा नाही, आणि घ्यायचे तर एकदम दोन, सारखेच. ताईला अजून सांगितलेलं नाही, दिवाळीचा बोनस झाला की मी बोलतो म्हटलंय.